बाटलीत काय निघालं

पहाटे घाटावर मी बाटली बुडवते,
लेबल लावते: पंचगंगा, तारीख, वेळ.
पलीकडं, जुन्या पुलाच्या अंगाला,
बाबगोंडा आण्णा सूर मारतात.

पाठीला सुका भोपळा बांधून
ह्यांनीच मला ढकललं होतं तिसऱ्या पायरीवरनं.
"तोंड मिट, पोरी. पाणी प्यायचं न्हाई, कापायचं."
तरी प्याले. गोड होतं.
निदान तसं आठवतंय.

जत्रेतली माणसं सारावीत
तशी जलपर्णी सारत ते वर येतात.
दंडावर चट्टे. "खाजतंय जरा. खोबरेल लावतो रात्री.
काय निघालं बाटलीत?"

मागच्या आठवड्याचा कागद पर्समध्येच आहे.
रकान्यात आकडा, आकड्यापुढं शिक्का:
आंघोळीस अयोग्य.
"शून्यं लई हाईत, आण्णा."
"मग म्होरला आकडा पुसून टाक की,
नुसती शून्यं ऱ्हाऊ देत."

माझी मुलगी क्लबच्या निळ्या टाकीत जाते,
डोळे लाल करून येते,
विचारते, नदीत तळ दिसतो का गं?

वास ओळखते मी आता:
हा मळीचा, हा नाल्याचा,
हा सणानंतर कुजलेल्या झेंडूचा.
पाण्याचा स्वतःचा कसला होता
ते विसरले.

आण्णा पंचा पिळतात. पिशवीतनं
भोपळा काढतात, तोच, दोरी नवी.
"तुझ्या लेकीला."

नमुन्यांच्या बर्फपेटीत तो मावत नाही.
मोपेडच्या हँडलला अडकवते.
शिवाजी पुलावर, प्रत्येक खड्ड्याला,
आतल्या बिया वाजतात.