तिसरी किल्ली

जांभळी नाक्यावर, वजनकाट्यांच्या दुकानाच्या पायरीशी
माझी छत्री, कानस, शिकंजा, पत्र्याची पेटी.
बावीस वर्षं. कुणाची किल्ली, कुठलं दार, विचारत नाही.
विचारणाऱ्याकडे माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

बुधवारी दुपारी एक मुलगा आला, पाठीला क्लासची बॅग,
तळहातावर पितळी किल्ली.
"अशीच एक. किती वेळ?"
"दहा मिनिटं. साठ रुपये."

शिकंज्यात धरली आणि कानस थांबली.
चौथ्या दाताच्या बुडाशी तिरपा ओरखडा.
तो माझा. हात उचलताना होतो माझ्याकडून,
उस्ताद होते तोवर त्यावरून शिव्या खायचो.
आणि दातांची ही चाल,
खोल, उथळ, उथळ, खोल, मग नुसताच उतार,
ती राबोडीतल्या माझ्याच खोलीची.

एक किल्ली माझ्या कमरेला.
एक मेहरूनची, पिठाच्या डब्यामागच्या खिळ्याला.
तिसरी मी कधी केलीच नाही.

मुलगा मोबाइल बघत उभा.
कुणी पाठवलं रे, ओठांवर आलं.
बावीस वर्षांचं तोंड उघडलं नाही.
करून दिली. फुंकर मारून, तेल पुसून.
साठ रुपये घेतलेसुद्धा.

घरी दोन्ही किल्ल्या जागच्या जागी.
मेहरून भेंडी चिरत होती.
मी बोललो नाही. तिनंही विचारलं नाही
ताटात भाकरी तशीच का.

कुलूप बदलणं माझं अर्ध्या तासाचं काम.
रोज पेटीतून नवं कुलूप घरी आणायचो,
रोज सकाळी परत न्यायचो.
कोण आहे ते बघायचं होतं मला. भीती होती,
पण हे तिच्याहून मोठं होतं.

आमच्या दाराची एक खोड आहे.
चौकट फुगली तेव्हापासून किल्ली नुसती फिरत नाही.
दार वर उचलावं लागतं, बोटभर,
मग डावीकडे रेटावं.
हे बाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

नवव्या रात्री, तीन वाजायला आले असतील,
जिन्यात चपला काढल्याचा आवाज.
किल्ली आत शिरली, माझ्याच हातची, गुळगुळीत.
कोणीतरी दार उचललं. बोटभर.
डावीकडे रेटलं.

आतली कडी मी लावली होती, झोपण्याआधी,
हाताने चाचपूनही पाहिली होती.
आता ती लोंबत होती.

उठलो. अंधारात मेहरूननं मनगट धरलं माझं.
आवाजात झोप नव्हती तिच्या.
"राहू द्या," म्हणाली,
"येऊ दे त्याला."