ऑडी तीन

शेवटची सहा मिनिटं मला पाठ आहेत.
दिवसातून चारदा
लांब दांड्याची सुपली आणि काळी पिशवी घेऊन
मी दाराच्या आत, अंधारात उभी असते,
दिवे लागायची वाट बघत.

पडद्यावर ती बाई
शाळेच्या खिडकीपाशी नोटा मोजते.
कारकून शिक्का मारतो. बासरी वाजते.
मुलगा धावत येऊन तिच्या कमरेला मिठी मारतो
आणि चौथ्या-पाचव्या रांगेत कुणीतरी नाक ओढतं.
दर खेळाला कुणीतरी ओढतंच.

साडी विटकी नेसवलीय तिला,
पण सगळीकडून सारखी विटलेली.
साडी अशी विटत नाही.
आधी निऱ्या जातात,
मग पर्स घासते ती बाजू.
जाऊ दे. काम चांगलं करते बाई.
नोटा पाचशेच्या, अठ्ठेचाळीस.
पहिल्या आठवड्यातच मोजल्या मी.

मला एवढंच कळत नव्हतं,
चोवीस हजार आले कुठून?

तिकीट फाडणाऱ्या ओजसला विचारलं,
"भावानं दिले का रे तिला? की काही विकलं?"
"मावशी, इमोशनल पिक्चर आहे," तो म्हणाला,
"हिशोबाचा नाही."

माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या
गेल्या जूनपासून रविवार पेठेत आहेत.
भिशीत माझा नंबर दिवाळीनंतर.
कादंबरीचे बाबा हडपसरला असतात,
फोन लागतो, उचलला जात नाही.
फीचा दुसरा हप्ता साडेनऊ हजार.
तेव्हा त्या बाईला जर काही युक्ती सापडली असेल
तर ती मला ऐकायचीच होती.
हसू नका. लोक पिक्चर बघून केस कापून घेतात.

गुरुवार. पिक्चरचा शेवटचा दिवस.
इंटरव्हलला एच रांगेत कुणाचे तरी नाचोज सांडले,
देवच पावला.
पुसायला बसले ती तिथेच, पायरीवर, अंधारात,
चीजनं चिकट झालेलं फडकं मांडीवर घेऊन.
वॉकीटॉकी कुरकुरला. मी बटण पिळलं.

घरमालक ओरडून गेला.
मुलाला ताप.
बाई रात्री नळापाशी बसली, हंडा भरून वाहतोय
आणि तिचं लक्ष नाही.
हे खरं होतं. हे अगदी खरं होतं.
माझा श्वास वर अडकला.
आता, म्हटलं. आता उठेल आणि जाईल कुणाकडे तरी.

पडदा काळा झाला.
मधोमध पांढरी अक्षरं:
सहा महिन्यांनंतर.

आणि ती आपली चाललीय शाळेकडे,
वेणीबिणी घालून.

मी हसले. आवरलंच नाही.
पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून शुक् केलं.
त्यांना काय सांगू,
की अहो, त्या काळ्या पडद्यात
मी दोन वर्षं राहतेय,
अजून कुणी अक्षरं लावली नाहीत.

बासरी. मिठी. दिवे.
चौऱ्याहत्तर खुर्च्यांखालून
दीड पिशवी पॉपकॉर्न निघालं
आणि एक दहाचं नाणं.
नाणं काउंटरवर जमा केलं, वहीत सही करून.

शेवटची बस गेली होती.
सिंहगड रोडनं चालत दांडेकर पुलापर्यंत आले,
चपलेचा अंगठा उचलून धरत.
कादंबरी जागीच. भूगोलाच्या वहीवर नदी रंगवत,
निळा खडू संपल्यामुळे अर्धी जांभळी.

"संपला तुझा पिक्चर?"
"संपला. उद्यापासून मारामारीचा आहे."
"मॅडमनी फीचं विचारलं."
"मग? काय म्हणालीस?"
"म्हटलं, आई सोमवारी देणारे."

मी तिच्याकडे बघत राहिले.
ती नदीला काठ काढत होती.

"कुठल्या सोमवारी,
ते नाही सांगितलं मी."