वाऱ्याचं खातं

एकतीस वर्षं मी नेहेतेशेठच्या डाळमिलची खतावणी लिहिली.
तुरीचं खातं, बारदानाचं, हमालीचं, विजेचं,
देवाच्या नावानं अगरबत्तीचंसुद्धा.
वाऱ्याचं मात्र नव्हतं.

जळगावच्या एमआयडीसीत आमची मिल लांबून ओळखू यायची:
पत्र्यावर पिवळा ढग,
फाटकातल्या निंबाला हळद लागलेली,
बारमाही.
समोरच्या चाळीत बायका बिबडे वाळत घालायच्या
ते जुन्या साडीखाली, आणि आमच्या नावानं
काय बोलायच्या ते इथं लिहीत नाही.
मंडळाच्या नोटिसा यायच्या. मी भोकं पाडून
फायलीला लावायचो. फाईल जाड होत गेली,
तेवढीच काय ती आमची प्रगती.

मी राहायचो सराफ्याच्या मागच्या बोळात.
दिवाळीआधी तिथं झारेकरी येतात,
सोनारांच्या दुकानातला वर्षाचा केर
बोली लावून विकत घेतात,
पायपुसणं, झाडूच्या काड्या, मोरीतला गाळसुद्धा.
सुपडू नावाचा एक म्हातारा ओट्याशी बसून
पाटीतली माती धूत होता.
सहज विचारलं त्यानं,
"मुनीमजी, तुमना गिरणीना केर कोन लेस?"
म्हटलं, "वारा."
"कितला देस?"
"फुकट नेतो."
तो हसला नाही. पाटी हलवत राहिला,
आणि तळाशी काहीतरी चमकलं, मोहरीएवढं.

दुसऱ्या दिवशी मिलच्या गच्चीवर
मोकळं बारदान अंथरलं, कोपऱ्यांवर विटा.
आठ दिवसांनी सुशाबाईनं ते झटकायच्या आधी
नाकाजवळ नेलं, बोट लावून चाखलं:
"भाऊ, हाई धूय नही. हाई दाय शे."

काट्यावर टाकलं. पावणेदोन किलो, एका बारदानावर.
पत्रा किती बारदानांचा, वर्षाचे आठवडे किती,
गुणाकार करताना पेन दोनदा अडलं.
शेठसमोर कागद ठेवला. नोटिशींना कधी न घाबरलेला माणूस
त्या आकड्याला घाबरला.

मग धूळ पकडायचं चक्रीयंत्र आलं,
कापडी पिशव्यांची रांग आली.
पकडलेली पूड आता चुनीत मिसळून
भादलीच्या गोठ्यांना जाते, रोखीनं.
टरफल भट्टीत. लाकडाचा ट्रक बंद.
आणि ऊन! आमच्याकडचं ऊन म्हणजे
न बोलावता दारात उभा राहणारा सावकार.
त्यालाच पत्र्यावर कामाला लावलं.
वीजबिल आलं तर मी ते उलटून पाहिलं,
मागच्या बाजूला काही छापलंय का म्हणून.

सगळं सुरळीत झालं असं नाही.
पहिल्या वर्षी हप्ते भरताना
शेठ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.
एका पिशवीला उंदरांनी भोक पाडलं
आणि निंब पुन्हा चार दिवस नवरदेव झाला.
पण सुशाबाईचा खोकला गेला,
हजेरीपटावरचे तिचे रिकामे चौकोन भरले.
सुरतचा व्यापारी आवारात फिरला,
खिडकीच्या कडेवर बोट फिरवून पाहिलं,
आणि घासाघीस न करता सौदा लिहून गेला.

आम्ही पुण्य करायला निघालो नव्हतो.
मी मुनीम. गळती दिसली, बुजवली.
निंब हिरवा झाला तो वरकड,
त्याला कुठल्या रकान्यात टाकावं कळेना.
समोर बिबडे उघड्यावर वाळतात.
आभार मानायला कोणी आलं नाही.
एकदा ताटलीभर बिबडे आले,
तळून, पोरीच्या हाती. निरोप नाही.

सुपडू परवा भेटला, कमरेत वाकलेला.
"आते कोन लेस केर?"
"आम्हीच."
"मंग मन्हा धंदा शिकनात तुम्ही," म्हणाला,
आणि गुरुदक्षिणा म्हणून चहा मागितला, बिस्किटासकट.

ते तीस रुपये मी किरकोळ खर्चात टाकले.
मग खोडले,
आणि वाऱ्याच्या नावे लिहिले.