मानपाडा नाका, गणती

तीन दिवसांचं काम होतं, दिवसाला सहाशे,
पाण्याची बाटली आपली आपण आणायची.
मेट्रोच्या खांबाला पाठ लावून
मी मोजत होते घोडबंदर रस्ता.

रस्त्यावर आडवी चुन्याची रेघ.
ती ओलांडेल तीच गाडी धरायची.
डाव्या हातात पाटी, उजव्या अंगठ्याखाली
पत्र्याचं मोजणीयंत्र : एक दाब, एक आकडा.
सकाळी सहाला अंगठा माझा होता,
दहापर्यंत तो रस्त्याचा झाला.

घरत सरांनी कोष्टक समजावलं होतं.
मोटार म्हणजे एक. रिक्षा एक.
दुचाकी अर्धी,
मग तिच्यावर नवरा-बायको, टाकीवर पोर
आणि मध्ये सिलिंडर असला तरी अर्धीच.
ट्रक तीन, बस तीन.
हातगाडी सहा.
बैलगाडी आठ.
"बैलगाडी येते का सर इथे?"
"छापील आहे. राहू दे."

बैलगाडी आली नाही. हातगाडी यायची.
नऊच्या सुमारास कोलशेतच्या बाजूने
इद्रिस भंगार ओढत आणायचा,
मागे हॉर्नची वरात, आणि त्याच्या आईचा उद्धार.
मी अंगठा सहा वेळा दाबायचे.
सहा मोटारींएवढा माणूस,
त्याला बिचाऱ्याला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, काच अर्धी खाली.
सिग्नल बंद केला, नारिंगी डबे ओळीने मांडले,
बाण लावला : वळण पुढे सातशे मीटर.
वॉर्डन सदू गावितने शिट्टीतली थुंकी झटकली
आणि तासाभरात सगळ्यांना सातशे मीटर
पुढे जाऊन सातशे मीटर मागे यायला शिकवलं.
अवजड गाड्या अकरापर्यंत खारेगावला रोखलेल्या.
अकरा वाजले, आणि पहिली पंगत उठायच्या आत
दुसरी शिरावी तसे ट्रक आले.
मग काहीच हललं नाही.

गंमत अशी की कोंडी झाली की माझे आकडे उतरायचे.
उभी गाडी रेघ ओलांडत नाही,
आणि कागदावर रस्ता मोकळा दिसतो.
हे मी सरांना सांगितलं.
ते म्हणाले, "शेरा लिही."
शेऱ्याला जागा दोन बोटं.

आणि माणसांना रकाना नव्हता.
सात ते साडेसात, टॉवरांत कामाला जाणाऱ्या बायका
ओढण्या कमरेला बांधून दुभाजक चढायच्या.
रेलिंगची एक सळी वाकलेली होती,
कुणी वाकवली विचारू नका.
मी समासात पेन्सिलने उभ्या रेघा ओढल्या,
चार उभ्या, पाचवी आडवी.
अर्ध्या तासात दोनशे सदतीस.

"हे काय?"
"माणसं, सर."
"कुठे बसवू मी यांना?"
घरत सर वाईट माणूस नव्हे.
त्यांनी खोडरबर हळूच फिरवला,
कागद फाटू नये म्हणून खाली तळहात धरला,
आणि भुगा फुंकून टाकला.

वर्ष झालं. अहवाल गेला असेल वर.
सळी महापालिकेने सरळ केली, पिवळी-काळी रंगवली.
आता तिच्या शेजारची वाकली आहे.
खरं सांगायचं तर थोडं बरंही झालंय :
पूर्वी सिग्नलला थांबायचो,
आता कुठेही थांबतो.

आज बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली.
त्याच खांबाला टेकून एक पोरगा,
डोक्यावर ओला रुमाल, हातात पाटी.
मी मनात हिशोब केला :
बस तीन, आत साठ माणसं,
म्हणजे माझ्या वाट्याला विसावा भाग.
अर्ध्या दुचाकीचाही दहावा.

त्याने आमच्याकडे बघितलं. अंगठा तयार ठेवला.
ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.
चुन्याची रेघ
आमच्यापासून चार हात पुढे.