बिनआवाजाचा

जेल रोडच्या तिसऱ्या दुकानात
मी माऊस कानाशी धरला,
खरबूज वाजवून घ्यावं तसा.
पंजवानींचा मुलगा हसला,
"आंटी, ये बोलता नहीं है."
म्हटलं, तेच तर बघतेय.

आधीच्या दोन दुकानांत सगळं बोलणं रंगांवर.
एका माऊसच्या तर पोटात दिवा होता,
लाल, हिरवा, पुन्हा लाल,
वरातीच्या घोड्यापुढे चालतात तसा.
मला दिवा नको होता.
आमची खोली एकच, रामबागेत, मागच्या जिन्याची;
पलंगापासून टेबलापर्यंत अडीच पावलं.
विद्याधर साडेतीनला उठतात, दुधाच्या टेम्पोवर जातात,
आणि माझ्या व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रं
रात्री दहानंतरच जमतात.
जुना माऊस टक् करायचा,
थोड्या वेळाने पुन्हा टक्,
नळ नीट बंद न केल्यासारखा.
ते कधी काही बोलले नाहीत.
कूस तेवढी बदलायचे.

मुलाने सात माऊस काचेवर मांडले.
एक हलका, रिकाम्या काडेपेटीसारखा.
एकाचं चाक अडखळायचं.
एक इतका फुगीर की तळहात त्यावर
नव्या व्याह्यांसारखा अवघडून बसला.
सहाव्याला अंगठ्यापुरती खोबण होती,
करंगळी टेकायला जागा,
उलटा केला तर तळाला चार पांढरे तुकडे,
कोपरे घासून गोल केलेले.
कुणीतरी, कुठेतरी,
जे कुणी बघणार नाही
तेही नीट केलं होतं.
ब्लाऊज उलटा करून बघावा, असं आई म्हणायची,
आतली शिवण खोटं बोलत नाही.
तिच्याच मशीनचं टेबल आता माझं टेबल आहे.
पायडल अजून खाली आहे;
बेरीज चुकली की आपोआप हलतं.

की-बोर्डला मात्र वेळ लागला.
बटणं मऊ हवीत, पण लुळी नकोत.
आकड्यांची वेगळी चौकट हवीच, उजवीकडे,
आणि पाचावर तो बारीक उंचवटा,
मान न वळवता बोटाला घर सापडावं म्हणून.
पुष्कळजण तो नावापुरता ठेवतात.
मी डोळे मिटून चाचपला.
मग विचारलं, यात ळ कुठे आहे?

मुलगा वाकला. नागरी अक्षरं छापलेली होती.
त्याने बोट फिरवलं डावीकडून उजवीकडे,
"कौन सा? ल तो ये रहा, आंटी."
त्याच ल च्या डोक्यावर, शिफ्टच्या मजल्यावर
भाडेकरूसारखा बसला होता,
इतका बारीक की डाग वाटावा.
मी नखाने खरवडून पाहिलं.
निघाला नाही.
हा द्या, म्हटलं.

किंमत ऐकून गॅसच्या दोन टाक्या आठवल्या.
शंभर कमी झाले, पिशवी फुकट.
बिलावर त्याने लिहिलं
श्रीमती मृणालिनी आवलसकर.
रेशनवर तसंच आहे, मतदार यादीत तसंच,
एकोणीस वर्षं.
मी घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

रात्री आधी शिफ्ट धरून तेवढं एक अक्षर उमटवलं.
पुसलं. पुन्हा उमटवलं.
नव्या फाइलला पूर्ण आडनाव दिलं: आवळसकर,
मग छावणीतल्या किराणावाल्याच्या पावत्या घेतल्या.
माऊस दाबला की बोटाला कळायचं,
खोलीला नाही.
अकरा वाजले. बारा.
तिमाहीचा तेलाचा हिशेब जुळत आला.

एकच्या सुमारास पलंगावरून आवाज आला,
"टेबलावरच झोपलीस का गं?"
नाही, काम चाललंय.
"मग वाजत का नाही काही?"
उठून बसले. पाणी प्याले.
पडले, पण पाठ माझ्याकडे नव्हती,
अंधारात डोळे उघडे असल्याचं कळतं.

मी पायडल हलवलं, हळूच, एकसारखं,
बेरीज बरोबर होती तरी.