रात्रीचे तीन दहा

लॅव्हेंडर मेलं, हे तिसरं.
मोबाईलवर त्याचा चेहरा निळा पडला होता,
खाली कारण : पाणी जास्त.

आम्ही तर आठवड्यातून दोनदाच घालत होतो,
तेही तांदळाच्या मापट्याने.
मातीत खोचायची ती पांढरी काडी आल्यापासून
घरात सगळं मापाने चाललंय.
नेरुळ, सेक्टर सोळा, तिसरा मजला,
गॅलरीत ऊन साडेतीन तास.
याआधी आम्ही म्हणायचो,
कपडे वाळण्यापुरतं असतं.

नितेश म्हणाला, काडी बिघडली.
मी कमलताईंकडे पाहिलं.
त्या म्हणाल्या, कुंड्यांचे पैसे कुठे ठरलेत माझे?

मग मी आलेख उघडला.
रोज रात्री तीन दहा.
सपाट चाललेली रेघ
एकदम उभी,
अंथरुणातून कुणी उठून बसावं तशी.

जागी राहिले एक रात्र.
आबा आले. बनियन, हातात तांब्या.
पहिल्या कुंडीपाशी वाकले,
तांब्या खाली ठेवला,
हवेतलं काहीतरी दोन्ही हातांनी धरून
फिरवत राहिले. ओठ मोजत होते.
मग पाणी सोडलं.
"सहाला गेलं," स्वतःशीच म्हणाले, "आता दहा."

आधी सिडको, मग पालिका,
एकतीस वर्षं व्हॉल्वमन.
खांद्यावर लोखंडी चावी टाकून
झोपलेल्या इमारतींखालून
मोरब्याचं पाणी पुढे पुढे धाडत गेले.
सकाळी ज्यांचे नळ खळाळले
त्यांनी या माणसाला कधी पाहिलं नाही.

आता मुलाचं नाव निसटतं,
माझं तर कधी लागलंच नव्हतं नीट,
सेक्टर मात्र सगळे पाठ.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गॅलरीला कुलूप लावा.
लावलं.
रेघ सकाळपर्यंत सपाट,
आणि दाराच्या आत फरशीवर पाणीच पाणी,
तांब्या शेजारी नीट उभा.

तेव्हा उरण फाट्याजवळची नर्सरी गाठली.
मोबाईल त्या माणसापुढे धरला :
ऊन साडेतीन तास,
ओल ऐंशीच्या खाली येत नाही,
रोज रात्री कुंडीमागे तांब्याभर.
तो म्हणाला, ताई, गॅलरी आहे की ओढा?
म्हटलं, ओढाच समजा.

त्याने अळू दिलं, वेखंड, ब्राह्मी,
आणि एक पाणकणीस. हे विकत नाही आम्ही,
मागच्या डबक्यातलं घेऊन जा.

ॲपच्या यादीत अळू नव्हतं.
हत्तीचा कान म्हणतं ते त्याला. म्हणू दे.
सगळे चेहरे आता हिरवे, हसरे,
पाणकणसाचा जरा जास्तच.

परवा फदफदं केलं.
आबांनी दोन वाट्या ओरपल्या,
विचारलं, अळू कुठलं?
गॅलरीतलं.
"हां," म्हणाले, "तिथे प्रेशर बरं असतं."

मोबाईल उशीखाली ठेवते.
तीन दहाला तो थरथरतो,
म्हणजे आबा उठलेत, चालतायत, पडले नाहीत.
मी कूस बदलते.

काल तो थरथरला नाही.
तीन पंधरा. तीन पंचवीस.
जाऊन पाहिलं, आबा घोरत होते,
मूठ अर्धी मिटलेली.

तांब्या घेऊन मीच गेले.
पहिल्या कुंडीपाशी वाकले खरी,
पण आटे किती फिरवायचे
हे विचारायचं राहूनच गेलं होतं.