दोन सेकंद उशिरा

मातोसिन्योशच्या सार्डिनच्या कारखान्यात
आम्ही बावीस बायका, आणि नवा मुकादम वाल्देमार.
आठवड्याभरात त्याला सगळं पाठ:
झुल्मिराचा गुडघा, ग्रासिएतचा फ्रान्सला गेलेला मुलगा,
माझ्या आईला आवडणारी बदामाची वडीसुद्धा.
"माणूस कसला, लोणी आहे," उफ्राझिया म्हणाली.
मीही म्हणाले. ते लपवत नाही.

मग एका गुरुवारी शेपट्या छाटताना
ग्रासिएतचं बोट कात्रीत आलं.
तेलात रक्त पसरलं, बावीस तोंडं वेडीवाकडी झाली.
त्याचं नाही.
तो रक्ताकडे बघत होता, तराजूच्या काट्याकडे बघावं तसा.
मग त्याने आमच्याकडे पाहिलं, एकेकीकडे,
आणि आमच्यातलाच कुणाचा तरी चेहरा उचलून
स्वतःच्या चेहऱ्यावर चढवला.
दोन सेकंद. फार तर अडीच.

नंतर टॉवेल त्यानेच आणला. दवाखान्यातही त्यानेच नेलं.
दोन सेकंदांची तक्रार
कुठल्या कागदावर लिहायची?

झुल्मिरा आणि उफ्राझिया वीस वर्षं एका डब्यातलं जेवायच्या.
आता भिंतीकडे तोंड करून जेवू लागल्या.
दोघींनाही त्याने सांगितलं होतं, तुझ्या काळजीपोटी सांगतो.
माझ्या पगारातून अकरा तास गेले.
विचारलं, तर आवाज खाली आणून म्हणाला,
"हल्ली झोप लागते ना नीट?"
त्या रात्री मी तास मोजले नाहीत,
झोप मोजत बसले.

मावशी फेलिज्मिनाने चाळीस वर्षं बाजारात मासे विकले.
ती म्हणाली, भांडू नकोस. त्याला सुधारायला जाऊ नकोस.
"का" तर विचारूच नकोस, "का" त्याला खाऊ वाटतो.
तू उकडलेला बटाटा हो.
मीठ न घातलेला.

झाले.
हो. नाही. बघते.
आईचं दुखणं सांगितलं नाही, नव्या कोटाची गोष्ट सांगितली नाही,
रडू आलं तर गोठणखोलीत जाऊन रडले, तिथे कुणाचंही नाक लालच असतं.
वहीत लिहीत गेले: तारीख, तास, शेजारी कोण उभं होतं.
ताकास तूर लागू दिली नाही.
तीन आठवडे त्याने मला चाचपून पाहिलं
आणि मग तो नव्या पोरीकडे वळला, देओलिंदाकडे.

हे अभिमानाने सांगत नाही.
मी जागा बदलून तिच्या शेजारी बसले, इतकंच.
ट्रामच्या थांब्यावर तिला वही दाखवली.
ती म्हणाली, तुमचा त्याच्यावर काहीतरी राग आहे.
दोन महिन्यांनी तिने स्वतःची वही घेतली. निळी.

एक गोष्ट मावशीने सांगितली नव्हती:
डोळ्याला लागलेली सवय सुटत नाही.
प्रार्थनेत, लग्नात, मयताला
मी माणसांच्या चेहऱ्यांना घड्याळ लावायचे.
घरी काचेची थाळी फुटली, नवरा उशिरा "अरेरे" म्हणाला,
मी रात्रभर जागी.
तो बिचारा नुसता बहिरा होत चालला होता.

वाल्देमार गेला, बढतीवर, पेनिशला.
आम्ही वर्गणी काढून केक आणला.
त्याने भाषण केलं, ग्रासिएतच्या बोटाची आठवण काढली,
डोळे पुसले. यावेळी अगदी वेळेवर.
शिकला होता.
केक मीही खाल्ला. चांगला होता.

काल पेनिशहून फोन आला.
अनोळखी बाई, आवाज माझ्याच वयाचा.
"तुमच्याकडे होते ना ते? इथे सगळ्या म्हणतात, देवमाणूस.
मलाच काहीतरी... म्हणजे तुम्हाला कसे वाटले?"

तोंडात तयार वाक्य होतं.
मी दोन सेकंद गप्प राहिले.

पलीकडे ती म्हणाली, "बरं."
मग खुर्ची ओढल्याचा आवाज,
आणि कागद शोधल्याचा.